दमसास : चातुर्मासात धरावयाचा एक नेम

आज आषाढ शुद्ध एकादशी. पंढरीच्या वाळवंटात वैष्णवांचा मेळा भरला आहे. ज्यांना तेथवर जाणे घडले नाही, त्यांनी आपल्या घरच्या देव्हाऱ्यापुढेच तुळशीची मंजिरी वाहून पंढरीनाथाला हात जोडले आहेत. आजच्या तिथीस शयनी असेही म्हणतात. भगवान शेषशय्येवर पहुडतात, चातुर्मासास आरंभ होतो आणि घरोघरी वडीलधारी माणसे 'यंदा कोणता नेम धरावा' या विचारात पडतात. कोणी कांदा-लसूण सोडतो, कोणी वांगे वर्ज्य करतो. कोणी पोथी लावतो, कोणी लक्ष वाती वाहतो, तर कोणी पिंपळाला नित्य प्रदक्षिणा घालण्याचा संकल्प सोडतो. नेमांच्या या मालिकेत आणखी एका नेमाची भर घालावी, अशी विनंती सुज्ञ वाचकांस करण्यासाठी आम्ही आज लेखणी हाती धरली आहे. हा नेम कोणत्याही व्रतग्रंथात आढळणार नाही, परंतु कोणत्याही शास्त्राचा त्यास विरोधही नाही. हा नेम आहे दमसासाचा.

दमसास हा शब्द गवयांचा आणि कीर्तनकारांचा. तान कोठवर न्यावी, कटाव किती लांबवर एका श्वासात म्हणावा, दोन प्रहर उभे राहून निरूपण करताना आवाज कोठे खाली येऊ द्यावा, हे सारे दमसासावर अवलंबून. मात्र दमसास हा केवळ गळ्याचा गुण नाही, तो साऱ्या देहाचा गुण आहे, आणि आयुष्याची दोरी बऱ्याच अंशी त्याच्याशीच बांधलेली आहे, ही गोष्ट आयुष्याची साठ वर्षे उलटेपर्यंत आमच्या ध्यानात आली नव्हती. ती कशी आली, ते आधी सांगतो.

आमच्या हातून झालेली चूक

आमचे वास्तव्य रामटेकास, प्रभू रामचंद्रांच्या गडाच्या छायेत. चातुर्मासात आणि नवरात्रात कीर्तनसेवेसाठी नागपुरास, विशेषतः सदर भागात येण्याचा आमचा अनेक वर्षांचा परिपाठ. वीस वर्षांहून अधिक काळ एकच तबलजी आमच्या साथीस होते. वयाने आमच्याहून आठ वर्षांनी लहान, निर्व्यसनी, अल्पभाषी आणि लयीचे पक्के. एके वर्षी ज्येष्ठात ते आम्हांस सहज म्हणाले, "बुवा, आताशा देवळाच्या पायऱ्या चढताना छातीत दाटल्यावानी होते. मध्ये दोनदा थांबावं लागते." आम्ही हसलो आणि म्हणालो, "अहो, वय झाले आता. नाम घ्यावे आणि सावकाश चढावे." ते बिचारे गप्प बसले. त्यांचा आमच्या शब्दावर विश्वास होता. व्यासपीठावरून बोलणाऱ्याच्या शब्दावर भाविकांचा असतो तसा.

पुढे महिन्याच्या आतच, आषाढी चार दिवसांवर आली असताना, आपल्या राहत्या घराच्या जिन्यावर ते कोसळले. दवाखान्यात नेईपर्यंत सारे आटोपले होते. धाप लागणे आणि छाती दाटणे ही हृदयाने दिलेली हाक होती. आम्ही तिला वार्धक्याचे नाव देऊन मोकळे झालो होतो. नामस्मरणाचा महिमा थोर आहे, परंतु वैद्याकडे पाठवावयाच्या माणसाला केवळ उपदेश देऊन परत पाठविणे हा नामाचा महिमा नव्हे, आपलेच अज्ञान होय. हे शल्य आम्ही आजही उराशी बाळगून आहोत.

त्याच चातुर्मासात सदरमधील एका देवळात कीर्तन चालू होते. उत्तररंग रंगात आला होता. आख्यानात कटाव आला आणि जो कटाव आम्ही चाळीस वर्षे एका दमात म्हणत आलो, तो अर्ध्यावर तुटला. श्वासच पुरेना. श्रोत्यांनी समजून घेऊन नामाचा गजर सुरू केला, पेटीवाल्याने सूर लांबविला, वेळ निभावली. परंतु उपरण्याने घाम पुसताना आमच्या डोळ्यांसमोर तबलजींचा तो ओशाळलेला चेहरा उभा राहिला.

सदरमधील एक प्रश्न

आरती झाल्यावर श्रोत्यांतील एक तरुण डॉक्टर आमच्यापाशी आले. त्यांनी नमस्कार केला आणि एकच प्रश्न विचारला, "बुवा, तुम्ही रामटेकला राहता. गडाच्या पायऱ्या महिन्यातून किती वेळा चढता?" आम्हांस उत्तर देता येईना. गडावर आता मोटार जाते. दर्शनास आम्ही जातो, पण मोटारीने. सदरमध्ये आलो की लिबर्टी चौकापासून मंगळवारी बाजारापर्यंत जावयाचे तरी ऑटो करतो. पायथ्याशी राहून पर्वत चढावयाचा नाही, असा हा प्रकार. 'वय झाले' असे आम्हांसही याआधी एका ठिकाणी सांगण्यात आले होते आणि शक्तीचे औषध देऊन बोळविण्यात आले होते. या तरुणाने मात्र दुसऱ्या दिवशी तपासणीस बोलाविले.

रक्तदाब, नाडी, ईसीजी, रक्तातील साखर हे सर्व झाले. मग ट्रेडमिल म्हणजे फिरत्या पट्ट्यावरची परीक्षा. ही पद्धत अमेरिकेतील सिअ‍ॅटलचे डॉ. रॉबर्ट ब्रूस यांनी घालून दिली, आणि १९६३ पासून ती जगभर रूढ झाली. छातीला तारा लावतात, पट्टा चालू करतात आणि दर तीन मिनिटांनी त्याचा वेग व चढ वाढवितात. पाच मिनिटांतच आम्ही हात वर केला. निदान असे निघाले की हृदयाच्या रक्तवाहिन्यांत अडथळ्याची खूण नाही, परंतु शरीराची क्षमता अवघी सहा मेट. डॉक्टर हसून म्हणाले, "हृदय निरोगी आहे, पण फार लाडावलेले आहे."

मेट म्हणजे काय

हा 'मेट' म्हणजे काय, हे आम्ही त्यांच्याकडून समजून घेतले, ते वाचकांसाठी थोडक्यात देतो. माणूस स्वस्थ बसला असता त्याचे शरीर दर मिनिटास, वजनाच्या प्रत्येक किलोमागे, सुमारे साडेतीन मिलिलिटर प्राणवायू वापरते. हा एक मेट. साठ किलो वजनाच्या माणसास बसल्या जागी मिनिटाला २१० मिलिलिटर प्राणवायू लागतो असे समजावे. तासाला पाच किलोमीटर या वेगाने सपाटीवर चालले तर सुमारे साडेतीन मेट खर्च होतात. जिना किंवा चढ चढताना ते चारापासून आठापर्यंत जातात. आपल्या शरीरास जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरता येतो, ती मर्यादा म्हणजे हृदय व श्वसन यांची एकत्रित क्षमता. ज्याची मर्यादाच चार मेटची, त्याला जिना हाच पर्वत होतो.

या क्षमतेत एकटे फुप्फुस किंवा एकटे हृदय काम करीत नाही. फुप्फुसाने हवेतून प्राणवायू घ्यावयाचा, रक्तातील तांबड्या पेशींनी तो उचलावयाचा, हृदयाने तो ढकलावयाचा, रक्तवाहिन्यांनी पोहोचवावयाचा आणि शेवटी स्नायूंनी तो वापरावयाचा. कीर्तनात तबला, पेटी, झांज आणि बुवांचा गळा यांपैकी एकही बेताल झाला तर रंग जातो, तसेच हे आहे. विश्रांतीत मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त फिरविणारे हृदय श्रमाच्या वेळी त्याच्या तिप्पट-चौपट रक्त फिरवू शकते. मात्र ज्या हृदयास हे काम कधी सांगितलेच जात नाही, ते हळूहळू ती शक्ती गमावून बसते.

प्राचीनांनी सांगितलेली खूण

आमचा पिंड संस्कृताचा. साहजिकच घरी परतल्यावर आम्ही जुने ग्रंथ उघडले आणि चकित झालो. चरकाचार्यांनी सूत्रस्थानात व्यायामाची व्याख्याच दिली आहे. योग्य प्रमाणात व्यायाम केल्याने अंगी हलकेपणा, कामाचा उरक, श्रम सोसण्याची शक्ती आणि प्रदीप्त जठराग्नी हे लाभ होतात, असे त्यांचे म्हणणे. अतिरेक करणाऱ्यास मात्र त्यांनी हत्तीला ओढू पाहणाऱ्या सिंहाची उपमा दिली आहे. असा सिंह आपल्याच बळाने नाश पावतो. सुश्रुताचार्यांनी तर प्रमाण ठरविण्याची युक्तीच सांगितली. व्यायाम आपल्या बळाच्या निम्म्यापर्यंत करावा. निम्मे बळ झाले हे ओळखावे कसे? तर हृदयस्थ वायू तोंडावाटे येऊ लागला, म्हणजे नाकाने चाललेला श्वास तोंडाने चालू झाला, की निम्मे बळ खर्च झाले असे समजावे. श्वास-कासाने पीडित झालेल्याने आणि नुकतेच जेवून उठलेल्याने व्यायाम करू नये, असा इशाराही त्यांनी देऊन ठेवला आहे.

आजचे वैद्य हीच गोष्ट निराळ्या शब्दांत सांगतात. चालताना बोलता यावे, परंतु गाता येऊ नये, इतपत श्रम म्हणजे मध्यम श्रम. चार शब्दांमागे श्वास घ्यावा लागला की तो जोराचा श्रम. ही कसोटी ऐकून आम्हांस प्रथम हसू आले. ज्याचा व्यवसायच नाचत-नाचत गाण्याचा, त्याने ती कशी लावावी? परंतु विचार करता उलगडा झाला. वारकरी टाळ घेऊन पावली खेळत अभंग म्हणतो आणि त्याला धाप लागत नाही. कारण वर्षानुवर्षांच्या चालण्याने त्याचा दम वाढलेला असतो, आणि आपण ज्याला कष्ट म्हणतो ते त्याच्या देहास निम्म्या बळाचेही काम वाटत नाही.

शास्त्रज्ञांनी काय मोजले

श्रमाच्या वेळी किती प्राणवायू लागतो, हे मोजण्याचा पाया इंग्लंडचे आर्चिबाल्ड हिल यांनी १९२३ च्या सुमारास घातला. पाठीवर श्वास साठविण्याची पिशवी बांधून ते स्वतः धावले होते. प्राणवायूच्या ग्रहणास एक कमाल मर्यादा असते, ही कल्पना त्यांचीच. योगायोग असा की पुढच्याच वर्षी, १९२४ मध्ये, आपल्याकडे लोणावळ्यास स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधामाची स्थापना केली आणि प्राणायामादी क्रिया प्रयोगशाळेत मोजून पाहण्यास आरंभ केला. आपल्या विदर्भात तर त्याआधीच, १९१४ साली, अमरावतीस वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे केले होते. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तेथील पथकाने जर्मनीत भारतीय व्यायामप्रकार सादर केले. नागपुरात जनार्दनस्वामींनी योगाभ्यासी मंडळाच्या द्वारे आसन-प्राणायाम घराघरांत नेले. अशी ही आपली परंपरा. ती आपण उत्सवापुरती आठवतो, हा दोष आपला.

१९५३ साली लंडनचे डॉ. जेरी मॉरिस यांनी दुमजली बसगाड्यांवरील नोकरांची तुलना प्रसिद्ध केली. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा, दिवसभर जिन्यावरून खाली-वर करणाऱ्या वाहकांत हृदयविकार कमी आढळला. गाडी तीच, शहर तेच. एक बसला होता आणि दुसरा चढत होता.

१९६६ मध्ये अमेरिकेतील डॅलस येथे याहून नवलाचा प्रयोग झाला. वीस वर्षांच्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर पडून राहावयास सांगितले. त्यांची क्षमता झपाट्याने घटली. त्याच पाच जणांना तीस वर्षांनी, १९९६ मध्ये, पुन्हा तपासले, तेव्हा असे दिसले की तीस वर्षांच्या वयोमानाने झाली त्याहून अधिक हानी त्या तीन आठवड्यांच्या शयनाने झाली होती! पुढे पन्नाशीतील या गृहस्थांनी सहा महिने नेमाने व्यायाम केला आणि वयाने गेलेली क्षमता पुन्हा मिळविली. शयन भगवंतास शोभते. चार महिने निजून तो कार्तिकीस ताजातवाना उठतो. आपण मात्र चार महिने पडून राहिलो तर उठणे कठीण.

आणखी एक आकडा सांगतो. २००२ साली अमेरिकेतील डॉ. जोनाथन मायर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी ६,२१३ पुरुषांच्या ट्रेडमिल परीक्षांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात असे आढळले की क्षमतेतील प्रत्येक मेटच्या वाढीबरोबर जगण्याची शक्यता सुमारे १२ टक्क्यांनी सुधारलेली होती. माणसाचे भवितव्य वर्तविण्यात ही क्षमता रक्तदाब, धूम्रपान, मधुमेह या साऱ्यांहून वरचढ ठरली. येथे न्यायशास्त्राचा अभ्यासक सावध होतो. दोन गोष्टी बरोबर आढळल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरत नाही. निरोगी माणूस अधिक चालू शकतो, म्हणूनही त्याची क्षमता जास्त दिसेल. ही शंका रास्त आहे. तथापि निरनिराळ्या अभ्यासांतून तेच अनुमान पुनःपुन्हा निघाले, आणि व्यायामाने रक्तदाब, साखर व रक्तवाहिन्या सुधारतात हे स्वतंत्रपणेही दिसून आले. यास्तव २०१६ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने असे मत मांडले की नाडी, रक्तदाब, ताप यांप्रमाणेच हृदय-श्वसनाची क्षमता हीदेखील दवाखान्यात नोंदवावयाची एक प्राणलक्षण-खूण मानावी.

आपल्याकडे डॉक्टरांकडे गेल्यावर वजन होते, रक्तदाब पाहिला जातो. 'दोन जिने न थांबता चढता का?' हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. वस्तुतः मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी भूल देणारे डॉक्टर हाच प्रश्न विचारतात, कारण शस्त्रक्रियेचा ताण शरीर सोसेल की नाही, याचा अंदाज त्यातून येतो. फिरता पट्टा नसला तरी सहा मिनिटांत सपाटीवर किती मीटर चालता येते, एवढे मोजूनही बरेच कळते. त्यासाठी हवा एक लांब व्हरांडा आणि एक घड्याळ.

हृदयविकार होऊन गेलेल्यांसही हे लागू आहे. एके काळी झटका आला की सहा-सहा आठवडे अंथरुणातून हलू देत नसत. १९५२ मध्ये बोस्टनच्या लेव्हाइन आणि लाऊन या डॉक्टरांनी अशा रुग्णांना लवकर खुर्चीत बसविण्यास प्रारंभ केला, तेव्हा अनेकांना ते साहस वाटले होते. आता देखरेखीखाली केलेला व्यायाम हा उपचाराचाच भाग झाला आहे. भारतातील २४ रुग्णालयांत ३,९५९ रुग्णांवर योगाधारित पुनर्वसनाचा मोठा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. योग करणारे रुग्ण आपल्या पूर्वीच्या कामांकडे अधिक चांगल्या रीतीने परतले आणि स्वतःस अधिक निरोगी मानू लागले. मृत्यू व पुनश्च झटके यांत मात्र निःसंशय म्हणावी अशी घट त्यात सिद्ध झाली नाही. दोन्ही गोष्टी सांगितल्या पाहिजेत. आपल्या परंपरेचा अभिमान सत्यास धरून असेल तरच तो टिकतो.

जप, श्वास आणि चाल

भाविकांच्या मनात येथे एक प्रश्न येईल. आम्ही नित्य प्राणायाम करतो, जप करतो, ते पुरेसे नाही काय? इटलीचे डॉ. बर्नार्डी यांनी २००१ साली एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना आणि आपल्याकडून बौद्धांबरोबर तिबेटात गेलेला मंत्र, या दोहोंच्या पठणाने श्वासाची गती मिनिटाला सहाच्या आसपास येते आणि हृदयाच्या लयीवर त्याचा इष्ट परिणाम होतो, असे त्यांना दिसले. जपाने मन शांत होते हे आपल्यास ठाऊकच होते, आता नाडीनेही साक्ष दिली. परंतु शांत श्वास ही एक गोष्ट आणि श्रम सोसण्याची ताकद ही दुसरी. पहिलीने दुसरीची जागा भरून निघत नाही. दुसरीसाठी पाय हलवावेच लागतात.

आपल्या संतांनी हे दोन्ही एकत्र बांधले. वारी म्हणजे चालता जप. आळंदीहून पंढरीस सुमारे अडीचशे किलोमीटर. विदर्भातून तर कौंडण्यपूरची रुक्मिणीमातेची पालखी चारशेहून अधिक वर्षांची परंपरा सांगते. शेगावची गजानन महाराजांची पालखी महिन्याहून अधिक काळ पायी चालते. रोज पंधरा-वीस किलोमीटर, मुखाने अभंग, मध्ये विसावा, संध्याकाळी कीर्तन. आधुनिक व्यायामशास्त्रज्ञास याहून चांगली योजना आखता येणार नाही. मात्र एक अट आहे. जुना वारकरी वर्षभर शेतात राबलेला असे. आजचा भाविक अकरा महिने खुर्चीत बसून बाराव्या महिन्यात एकदम दिवे घाट चढू पाहतो. त्याने दोन-तीन महिने आधीपासून चालण्याचा सराव करावा आणि चाळिशी उलटलेल्याने तपासणी करून घ्यावी. सिंहाने हत्ती ओढू नये.

नेम कसा धरावा

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार प्रौढाने आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा किंवा ७५ ते १५० मिनिटे जोराचा व्यायाम करावा. आषाढीपासून कार्तिकीपर्यंत सुमारे सतरा आठवडे होतात. शरीराचा दम वाढण्यास साधारण एवढाच काळ लागतो, हा चातुर्मासाचा मोठाच गुण म्हणावयाचा. रोज अर्धा तास, आठवड्यास पाच दिवस, एवढा नेम धरला तरी पुरे.

आम्ही आरंभ केला तो अंबाळा तलावाच्या काठाने दहा मिनिटे चालून. दर आठवड्यास पाच-पाच मिनिटे वाढविली. श्रावणात अर्धा तास झाला. भाद्रपदात गडाच्या पायऱ्यांस हात घातला. प्रथम थोड्या, मग थांबत-थांबत साऱ्या. सदरमध्ये मुक्काम असला म्हणजे पहाटे सेमिनरी टेकडीकडे जपानी बागेपर्यंत जाऊन येत असू. तेथे सदरची कितीतरी वयोवृद्ध मंडळी रोज भेटतात. आमच्या सौभाग्यवतींनीही हा नेम धरला. पहिल्या महिन्यातच त्या पुढे आणि आम्ही मागे, अशी स्थिती झाली. "अहो, कीर्तनात एवढे नाचता, मग इथं का थांबता?" हा त्यांचा प्रश्न आम्ही निमूटपणे गिळला.

येथे गृहिणींसाठी दोन शब्द. 'दिवसभर ओट्यापाशी उभी असते, मला कसला व्यायाम?' असे अनेक माउल्या म्हणतात. उभे राहण्याने पाय दुखतात, दम वाढत नाही. स्वतःसाठी अर्धा तास काढणे हा स्वार्थ नव्हे. तसेच त्यांना धाप लागली तर रक्त तपासून घ्यावे. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. प्राणवायू उचलणारे रक्तच पातळ असेल तर हृदयाने किती ओढावे? स्त्रियांचा हृदयविकारही पुष्कळदा छातीत कळ न येता थकवा, धाप, मळमळ, पाठ किंवा जबडा दुखणे या वेषात येतो.

उपवासाविषयीही सांगावेसे वाटते. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण आपणच केली आहे. साबुदाणा, तळलेले बटाटे व शेंगदाण्याचे कूट पोटभर खाऊन दुपारी झोपणे हा उपवास नव्हे. उलट मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने निर्जळी करून लांब चालू नये. डॉक्टरांस विचारून फराळ व औषध यांचा मेळ घालावा. वैशाखात नागपूरचे ऊन असते, तेव्हा सूर्योदयापूर्वीच फिरून यावे.

आणि सर्वांत महत्त्वाचे. चालताना छातीवर दाब येणे, कळ डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणे, घेरी येणे, थोड्या श्रमाने नव्यानेच धाप लागणे, रात्री आडवे झाल्यावर श्वास कोंडणे, पायांवर सूज येणे, यांपैकी काहीही असल्यास चालण्याचा नेम धरू नये. आधी डॉक्टर गाठावा. दुखणे विश्रांतीनेही थांबत नसेल तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालयात जावे. काढा, लेप, अंगारा हे नंतर.

एक मेट

कार्तिकी झाली आणि आम्ही पुन्हा त्या पट्ट्यावर उभे राहिलो. आकडा आला सात. चार महिन्यांची तपश्चर्या, आणि पदरी एकच मेट! आम्ही खट्टू झालो. डॉक्टर म्हणाले, "बुवा, या एका मेटची किंमत तुम्हीच त्या दिवशी वहीत उतरवून घेतली होती." मग त्यांनी समजाविले की सर्वांची वाढ सारखी नसते. त्याच व्यायामाने कोणाची पुष्कळ वाढते, कोणाची अल्प. आणि तिशीनंतर दर दहा वर्षांस सुमारे दहाव्या हिश्शाने जी क्षमता घटत जाते, ती आम्ही थोपविली, एवढेच नव्हे तर काही वर्षे मागे नेली. आम्हांस त्याची खरी साक्ष मिळाली ती पुढच्या वर्षी, सदरमधील त्याच देवळात. कटाव आला. तो तुटला नाही. तबल्यावर आता दुसरे हात होते. समेवर आल्यावर आमची दृष्टी सवयीने डावीकडे गेली आणि तेथे ते नव्हते.

वाचकहो, आज देव्हाऱ्यापुढे नेम बोलाल तेव्हा रोजच्या अर्ध्या तासाच्या चालीचाही उच्चार करा. परंतु त्याहून आधी एक गोष्ट करा. आज फराळास घरची सारी माणसे एकत्र बसतील. आई असेल, काका असतील, शेजारचे आजोबा असतील. त्यांच्यापैकी कोणी सहज म्हणाले, 'आताशा पायऱ्या चढताना दम लागतो', तर 'वय झाले' असे म्हणू नका. ते आम्ही एकदा म्हणून चुकलो आहोत. हात धरून त्यांना उद्याच डॉक्टरकडे न्या, आणि परवानगी मिळाली की परवापासून त्यांच्याबरोबर स्वतः चाला. भगवान कार्तिकीस जागा होईल, तेव्हा आपल्या घरची सर्व माणसे त्याला सामोरी जाण्यास उभी असावीत, हीच त्या पंढरीनाथाचे चरणी प्रार्थना.